मॉनिटरचे दात

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला गाव, नोकरी, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. दारात उभी करून म्हणाल्या, "नखं दाखव."

मी दाखवली.

"आता दात."

तेही दाखवले. का दाखवले ते आजही सांगता येणार नाही. चांगली एम.एस्सी. झालेली मी, दूध संघाच्या प्रयोगशाळेत पहिली नोकरी लागलेली, आणि संगमनेरच्या एका अनोळखी गल्लीत अनोळखी बाईसमोर आ वासून उभी होते. बाईंनी मान वाकडी करून वरच्या दाढा बघितल्या, खालच्या बघितल्या, "उजवीकडे आळस करतेस," असं म्हणाल्या आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. अट एकच घातली. घरात अंडं आणायचं नाही.

बाई शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. बाईंना कुणी कळवलंच नसावं. पाचवारी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्र असतं तिथे शिट्टी. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर म्हणायच्या, "ग्राउंडवरून घरी यायला उशीर व्हायचा." त्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

गल्लीत नळाला पाणी आलं की हंडे उंचीप्रमाणे लावायचे, हा त्यांचा नियम. कुणी रडगाणं घेऊन आलं की, "आधी पाठ सरळ कर, मग सांग." पाठ सरळ करून माणसाला फार रडता येत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. भर बाजारात रिक्षावाले, कापड दुकानदार, सोनार, बाईंना बघितलं की नमस्कार करायच्या आधी दात दाखवायचे. लहानपणी प्रार्थनेनंतर रांगेत रोज तपासणी व्हायची, त्याची ती सवय. परगावच्या माणसाला वाटायचं, हे गाव फारच हसरं आहे.

या घरात बाईंचा हुकूम न मानणारा एकच प्राणी होता. त्याचं नाव मॉनिटर.

मॉनिटर म्हणजे पिवळसर रंगाचा, कान फाटलेला, वजनदार बोका. शाळेच्या खेळाच्या खोलीत उंच उडीच्या गादीवर तो पिल्लू असताना सापडला होता, बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी शिपाईमावशींना दिली, घड्याळ स्टाफरूममध्येच ठेवलं आणि पिशवीत बोका घालून घरी आल्या. तेव्हापासून तो कुंपणाच्या भिंतीवर बसून गल्लीवर लक्ष ठेवायचा, म्हणून मॉनिटर. बाई त्याला हाक मारायच्या आणि तो दुसरीकडे बघायचा. गावाला धाकात ठेवणाऱ्या बाईंना ही गोष्ट चालत कशी होती, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं.

मी राहायला गेले त्या हिवाळ्यात मॉनिटरनं खाणं सोडलं. वाटीपाशी यायचा, वास घ्यायचा, एक घास उचलायचा आणि मान झटकून तो टाकून द्यायचा. तोंडातून लाळ. पंजानं गाल खाजवायचा. बाईंनी आधी त्याला शिस्तीचा प्रश्न समजून दोनदा रागावून पाहिलं. मग एका सकाळी जिन्याखालून आवाज आला, "अगं, खाली ये. पिशवी धरायला माणूस पाहिजे."

नाशिक-पुणे रस्त्याला लागून एका गाळ्यात जनावरांचे डॉक्टर होते. दिवसभर मोटारसायकलवरून गोठे फिरायचे आणि अधूनमधून कुत्र्यामांजरांनाही बघायचे. अर्थात बाईंचेच विद्यार्थी. आम्ही आत शिरलो तसे ते उठून उभे राहिले आणि ओठ फाकवले.

"तुझे नकोत," बाई म्हणाल्या. "याचे बघ."

डॉक्टरांनी मॉनिटरचा ओठ वर केला. हिरडी लालबुंद, दातांवर तपकिरी थर. त्यांचा चेहरा पडला. "बाई, लई बिघडलंय हो. दोन दाढा काढाव्या लागतील. भूल देऊन करू. पण खरी गोष्ट पुढंच हाय."

"बोल."

"हिरड्या भरल्या की रोज ब्रश करायला लागंल. न्हाई केला तर बाकीचे दातबी असेच जातील. आणि वय झालंय याचं. पुन्यांदा भूल द्यायची माझी हिंमत न्हाई."

बाईंनी मॉनिटरला पिशवीत घातलं आणि चेन लावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या पोरांचे दात तपासले. घरातल्याचे बघायचे राहिले."

दाढा काढल्या, जखम भरली, मॉनिटर पुन्हा खायला लागला. आणि मग तो दिवस उगवला.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. माणसांची पेस्ट अजिबात वापरायची नाही, ती पोटात गेली तर अपाय होतो. मांजरांची वेगळी पेस्ट येते, ती त्यांनी पुण्याहून मागवून दिली. ब्रश तान्ह्या मुलाचा, मऊ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हळूहळू, त्याच्या कलानं. पहिल्या गोष्टी बाईंनी तंतोतंत पाळल्या. शेवटची त्यांना ऐकूच आली नसावी. त्यांच्या कामाच्या पद्धतीत ती बसत नव्हती.

सकाळी अंगणात स्टूल मांडलं. त्यावर टॉवेल. बाईंनी पदर खोचला, मॉनिटरला उचलून टॉवेलात गुंडाळलं, फक्त तोंड बाहेर. मला म्हणाल्या, "मागून धर." मी धरलं. आणि मग, जुन्या सवयीनं, काम सुरू करायच्या आधी त्यांनी शिट्टी वाजवली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. टॉवेल माझ्या हातात राहिला. बाईंच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा उमटल्या. स्टूल आडवं झालं. ब्रश तुळशीत. मॉनिटर भिंतीवर, भिंतीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून दिसेनासा.

"येईल," बाई म्हणाल्या. "भूक लागली की सरळ येईल."

तो दुपारी आला नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ग्राउंडवरचा आवाज लावला, "मॉनिटर! हजर हो!" तीन गल्ल्यांत ऐकू गेलं असेल. एक रिक्षावाला ब्रेक दाबून खाली उतरला आणि ताठ उभा राहिला. त्यांच्या एका जुन्या वर्गाचा मॉनिटर तो. बाईंनी त्याला शोधकामाला लावलं. प्रवरेच्या घाटापर्यंत जाऊन आला बिचारा. बोका नाही.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. मी पिठलं-भाकरी घेऊन खाली गेले तर पायरीवर बसलेल्या, शेजारी दुधाची बशी. पाठ वाकलेली. बाईंना पाठ वाकवून बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मॉनिटर सापडला तो घरामागेच. पलीकडे भागाबाई राहायच्या. शेळ्या पाळायच्या. त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "आवं बाई, तुमचा बोका आमच्यात हाय की. शेळ्यांच्या चाऱ्यामागं दडून बसलाय. लई भ्यालंय त्ये. मी हात लावाया गेले तर आंगावरच आलं."

बाई जवळजवळ धावतच गेल्या. मी मागे. पत्र्याच्या शेडमध्ये वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या, त्यांच्या फटीत दोन हिरवे डोळे. बाई वाकल्या, हात पुढे केला. आतून गुरगुरणं सुरू झालं, घशातून, खोल. बाईंनी हात मागे घेतला.

मला वाटलं, आता रागावतील. बाई मात्र तिथेच, शेळ्यांच्या लेंड्यांत, पांढऱ्या बुटांसकट मांडी घालून बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरं मला भ्यायची ना, तेव्हा बरं वाटायचं. खरं सांगते. आपण आलो की ग्राउंड गप्प होतं, याची मजा असते. पण हा भ्यालेला बघवत नाही गं."

शेळीनं त्यांचा पदर चघळायला घेतला होता, तो मी सोडवला.

बाई रोज दुपारी भागाबाईंच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागल्या. नुसत्या बसायच्या. हाक नाही, हात पुढे करणं नाही. भागाबाईंनी एक पोतं अंथरून दिलं. "आमच्या शेळ्यांनाबी तुमची सवय झाली बघा," म्हणाल्या. आणि एक दिवस मी कामावरून आले तर मॉनिटर भिंतीवर, आपल्या जागी, गल्लीकडे बघत बसलेला. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला खुणावलं. गळ्यातली शिट्टी दिसत नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "डब्यात टाकली. तिला आता काम नाही."

दात घासण्याचा दुसरा प्रयत्न असा सुरू झाला की कुणी बघितलं असतं तर काही सुरू झालंय असं वाटलंच नसतं. सकाळी ऊन अंगणात आलं की बाई पायरीवर बसायच्या. मॉनिटर जवळ आला तर येऊ द्यायचा. हनुवटीखाली खाजवायचं, ते त्याला आवडायचं. खाजवता खाजवता एक बोट गालावर न्यायचं आणि लगेच परत हनुवटीवर. तो उठून गेला तर जाऊ द्यायचं. पुष्कळ दिवस नुसतं एवढंच. मग बोटानं ओठाची कड जराशी वर, आणि सोडून द्यायची.

यात बाईंचा आवाज बदलला. माणसांशी त्या छापील मराठीत, टाचा जुळवल्यासारखं बोलायच्या. मॉनिटरशी बोलताना मात्र कुठून तरी सोनईची भाषा वर यायला लागली, त्यांच्या गावची, लहानपणची. "ये रं माझ्या राजा. काय न्हाई करत. निस्तं बघती. व्हय, व्हय, लई शाना हाय माझा सोन्या." मी जिन्यात बसून ऐकायचे. मी श्रीगोंद्याकडची, माझी आजी अशीच म्हशीशी बोलायची.

सकाळचा आरडाओरडा बंद झाल्यामुळे गल्ली काळजीत पडली. दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, बाई बऱ्या हायत ना? आवाज न्हाई येत त्यांचा." हंडे कसेही लागायला लागले होते आणि कुणाला त्यात मजा येत नव्हती.

पेस्टचा टप्पा आला तेव्हा एक पेच उभा राहिला. मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. कोंबडीच्या चवीची पेस्ट होती ती.

बाईंनी ट्यूब दोन बोटांत धरून लांब नेली. "कोंबडी?"

"चव आहे नुसती."

"माझ्या बोटाला?"

"मी लावते हवं तर. मी खाते."

बाईंनी बराच विचार केला. शेवटी म्हणाल्या, "नको. त्याला माझ्या बोटाची सवय आहे. त्याचा धर्म वेगळा, माझा वेगळा. नंतर हात साबणानं धुतला की झालं." आणि नाक दुसरीकडे फिरवून त्यांनी बोटाच्या टोकावर मटाराएवढी पेस्ट घेतली. मॉनिटरनं हुंगली. थबकला. मग खरखरीत जिभेनं बोट असं चाटलं की बाई दचकल्याच. "अगं, हा तर हावरट आहे!" त्या आनंदानं म्हणाल्या, आणि त्या आवाजानं मॉनिटर भिंतीवर गेला. बाईंनी स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

त्यानंतर बोटाला मऊ फडकं गुंडाळून त्यावर पेस्ट. फडकं दातांवरून फिरतं न फिरतं तोच थांबायचं. मग ब्रश, तोही आधी नुसता चाटायला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतल्या बाजूच्या वाटेला जाऊ नका, गालाकडची बाजू झाली तरी पुरे. बातमी पसरली तसे जुने विद्यार्थी बघायला यायला लागले. बाईंनी सगळ्यांना फाटकातूनच परत पाठवलं, तेही हळू आवाजात. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

आणि एका सकाळी, कोवळ्या उन्हात, मॉनिटर बाईंच्या मांडीला टेकून बसला असताना ब्रश त्याच्या ओठाखाली गेला आणि मागे-पुढे, मागे-पुढे, डावीकडची सगळी ओळ घासून बाहेर आला. मॉनिटरनं ओठ चाटले. पेस्ट संपली का, म्हणून बाईंकडे बघितलं. पळाला नाही.

बाई तशाच बसून राहिल्या. मग अगदी सावकाश मोबाईल काढून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तेव्हा कुठल्याशा गोठ्यात गाय मोकळी करत होते, कुणीतरी फोन त्यांच्या कानाला धरला होता.

"घासले," बाई कुजबुजल्या.

"कोण बोलतंय? मोठ्यानं बोला, हात आत हाय माझा!"

"अरे, घासू दिले त्याने!"

पलीकडून एकदम आरोळी ऐकू आली. नंतर कळलं, डॉक्टर ओरडले आणि त्याच वेळी वासरू बाहेर आलं. गाईच्या मालकाला वाटलं, डॉक्टरांना वासराचाच एवढा आनंद झाला.

वर्षभर हे रोजचं झालं. ऊन अंगणात आलं की मॉनिटर पायरीवर येऊन बसायचा, बाईंना उशीर झाला तर ओरडायचा. हिरड्या गुलाबी झाल्या. बाईंची शिट्टी डब्यातच राहिली, आवाज मात्र थोडाथोडा परत आला आणि गल्लीला हायसं वाटलं.

मग बाईंच्या गुडघ्यानं दगा दिला. जिना चढता येईना, मग अंगणात चालता येईना. त्यांची भाची नाशिकला राहते. ती येऊन म्हणाली, "मावशी, ऑपरेशन करूनच घ्यायचं, आणि मग फिजिओथेरपी होईपर्यंत माझ्याकडेच राहायचं." बाईंनी ऑपरेशनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो मला होता.

"तुला जमेल?"

"जमेल."

मला जमलं नाही. पहिल्या दिवशी मॉनिटर माझ्या बोटावरची पेस्ट चाटून गेला. ब्रश दाखवला तसा उठला. दुसऱ्या दिवशी पेस्टलाही आला नाही. खायचा, पण पायरीवर बसून फाटकाकडे बघत राहायचा. मी रोज फोनवर खरं ते सांगायचे. बाई म्हणायच्या, "स्पीकरवर ठेव." आणि मग नाशिकच्या दवाखान्यातून सोनईची भाषा अंगणात यायची. "काय रं राजा, रुसला व्हय? येती म्या. लवकर येती." मॉनिटर मोबाईल हुंगायचा, त्याच्या मागे जाऊन बघायचा, आणि बाई तिथे नाहीत म्हटल्यावर निघून जायचा.

तिकडची हकीकत भाचीनं सांगितली. फिजिओथेरपीची मुलगी तरुण होती, कडक होती. "आजी, पाय वाकवा! अजून! अजून!" बाईंनी तिचा हात धरला म्हणे. "बाळ, अशी घाई करू नये. आज नुसता हात ठेव माझ्या गुडघ्यावर. मला तुझी सवय होऊ दे. उद्या थोडं वाकवू." मुलगी गोंधळली. भाची म्हणाली, ज्या मावशीनं लहानपणी मला ग्राउंडला दहा फेऱ्या मारायला लावल्या, तीच का ही?

बाई परत आल्या त्या वॉकर घेऊन. फाटकातच त्यांनी हाक मारली, हळू. मॉनिटर भिंतीवरून उतरला, दोन पावलं आला, आणि वॉकरचा खडखडाट ऐकून पाठ फुगवली. बाईंच्या अंगाला औषधांचा वास होता. तो फिस्कारला आणि घरात जाऊन कॉटखाली शिरला.

भाची म्हणाली, "थांब मावशी, मी काढते बाहेर."

"हात नाही लावायचा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, लपवायचा प्रयत्न करूनही. जरा वेळानं म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? मी न सांगता गेले. पुन्हा पहिलीपासून करू."

तीन-चार सकाळी अशाच गेल्या. बाईंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून अंगणात खुर्ची, पाय स्टुलावर लांब केलेला, वॉकर नजरेआड खांबामागे. बोटाला पेस्ट लावून हात खुर्चीबाहेर सोडायचा आणि वाट बघायची. मॉनिटर दारापर्यंत यायचा, तिथेच बसायचा.

मग एका सकाळी मी कामाला निघाले होते, जिन्यात थांबले. ऊन चांगलं वर आलं होतं. गोळ्यांच्या गुंगीत बाईंचा डोळा लागला होता, मान कलंडलेली, हात तसाच लोंबता. मॉनिटर दारातून उठला. खुर्चीला लांबून वळसा घातला. बूट हुंगले, साडीची कड हुंगली, आणि त्या बोटापाशी येऊन सावकाश सगळी पेस्ट चाटली. पेस्ट संपली तरी गेला नाही. त्या निजलेल्या हाताला गाल घासत उभा राहिला, एक बाजू, मग दुसरी. बाई हलल्या तसा टुणकन दारात जाऊन बसला, जसा काही तिथून उठलाच नव्हता.

बाईंनी बोटाकडे बघितलं. "पेस्ट कुठं गेली?"

"येऊन गेला," मी म्हटलं. "तुम्ही झोपला होतात. गालसुद्धा घासला हाताला."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मॉनिटरनं गल्लीकडे पाहिलं.

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांनी ट्यूब उघडली, बोटाच्या टोकावर पुन्हा पेस्ट घेतली, हात खुर्चीबाहेर सोडला, मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि चांगल्या खणखणीत आवाजात घोरायला लागल्या.